पंप कुणाच्या पाठीवर?

पुण्याच्या आसपास १९५५ च्या सुमारास एका अनोळखी रोपाची ठळक नोंद झाली. पाने गाजरासारखी चिरलेली, फुले पांढरी आणि बारीक. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे बहुतेक जण मानतात, जरी भारतात त्याचे त्याआधीचे तुरळक नमुनेही सापडले आहेत. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी अशा नावांनी ते आता देशभर पसरले आहे. एकेक झाड पंधरा-वीस हजार बिया टाकते, शेजारी दुसरे काही उगवू देत नाही, आणि त्याच्या संगतीत राबणाऱ्याच्या कातडीला चट्टे उठतात, कुणाला दम लागतो. घाणेरी त्याच्याही आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी लावली गेली आणि आज देशातल्या वाघांच्या अधिवासाचा सुमारे ४० टक्के भाग तिच्या विळख्यात असल्याचे २०२० मधल्या एका अभ्यासात दिसले. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी जांभळ्या फुलांच्या मोहाने बंगालात आली आणि आता मुळा-मुठेपासून पंचगंगेपर्यंत नद्या झाकते. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर रानमोडीने तेच केले. या वनस्पती हटवायला हव्यात याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो कशाने हटवायच्या याचा. एक बाजू म्हणते तणनाशक फवारा आणि मोकळे व्हा, दुसरी म्हणते मातीत आणि पाण्यात विष नको, आणि शेतकरी विचारतो की खुरपायला माणूस मिळतो कुठे? तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण या भांडणात धर्माचा एक प्रश्न कुणी विचारत नाही. मारण्याचा अधिकार आपल्याला मिळाला कुठून, आणि कोणत्या अटीवर? माझे म्हणणे असे की हा अधिकार ऋणातून येतो, आणि ते ऋण ज्याचे त्यानेच फेडले पाहिजे ही त्याची अट आहे. तणनाशकाची परीक्षा याच अटीवर व्हायला हवी.

झाडाला दुखत नाही, मग त्याच्या मारण्यात नीतीचा प्रश्न येतो कुठे, असे कुणी म्हणेल. वनस्पतीला वेदना होते असा पुरावा नाही, हे मला मान्य आहे. पण आपल्या परंपरांनी हा प्रश्न केवळ वेदनेवर कधीच सोडला नव्हता. जैन दर्शनात वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव आहे. त्याला एकच इंद्रिय, स्पर्श. तरीही त्याची हिंसा ही हिंसाच. मात्र गृहस्थाला जगायचे आहे हे ओळखून त्या विचाराने हिंसेचे चार प्रकार केले: मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, पोटासाठीच्या उद्योगात घडणारी उद्योगी आणि बचावासाठी करावी लागणारी विरोधी. पहिली गृहस्थालाही वर्ज्य, बाकीच्या तीन कमीत कमी ठेवायच्या. सांगली-कोल्हापूरकडचा जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरून शेती करत आला तो याच आधारावर. वैदिक धर्मशास्त्रातली पंचसूनेची कल्पनाही अशीच आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा माठ ही घरातली पाच हिंसास्थाने, आणि त्यांतून रोज घडणाऱ्या हत्येची फेड म्हणून रोजचे पंचमहायज्ञ. वारकऱ्यांचे सावता माळी अरणच्या मळ्यातल्या कामालाच पूजा मानतात, आणि मळ्याच्या कामात खुरपणी आलीच. या तिन्ही ठिकाणी मारणे अटळ मानले आहे, पण ते बेहिशेबी ठेवलेले नाही. प्रत्येक कापलेल्या काडीचा जमाखर्च कुणाच्या तरी खात्यावर मांडला जातो. तणनाशकाच्या चर्चेत हरवले आहे ते नेमके हे खाते.

आता परक्या तणाचा नायनाट या चार प्रकारांपैकी कशात बसतो? सहज उत्तर येते की विरोधी हिंसेत. आक्रमण झाले, आपण बचाव करतो. सरकारी पत्रकांत आणि वर्तमानपत्रांत भाषाही तीच असते: युद्धपातळी, निर्मूलन, शत्रू. पण हे उत्तर खरे नाही. घाणेरी स्वतः समुद्र ओलांडून आली नाही. जलपर्णी कुणाच्या तरी हौसेने तळ्यात पडली. गाजर गवताचे बी आपल्याच व्यापारात चाळणीतून सुटले आणि रस्त्यासाठी उकरलेल्या, चरून उघड्या पडलेल्या, बांधकामाच्या राडारोड्याने झाकलेल्या जमिनीने त्याला जागा दिली. ज्याला आपणच दार उघडले त्याच्यावर चाल करून जाण्याला बचाव म्हणता येत नाही. इथे शब्द हवा तो प्रायश्चित्ताचा. आपल्या हातून एक बिघाड झाला, तो निस्तरताना आणखी एका जिवाला मारावे लागणार आहे, आणि त्या मारण्याचा भारही आपलाच आहे, अशी ही स्थिती आहे. युद्ध आणि प्रायश्चित्त यांतला फरक केवळ भावनेचा नाही, त्यातून पुढची वागणूक ठरते. युद्धात शत्रू पडला की काम संपते. प्रायश्चित्ताला आधी चूक थांबवावी लागते, कारण तीच चूक चालू ठेवून घेतलेल्या प्रायश्चित्ताला कोणत्याच शास्त्रात अर्थ नाही.

जलपर्णीत हे लख्ख दिसते. तिची वाढ पाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर होते, आणि आपल्या नद्यांत ही दोन्ही द्रव्ये शहरांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी ओतते. आळंदीत इंद्रायणीत वारकरी स्नानाला उतरतात तेव्हा वरच्या अंगाची वसाहत त्याच पाण्यात आपला मैला सोडत असते. अशा पाण्यावर तणनाशक मारले तर पाने करपतात, कुजून तळाशी बसतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि त्यांत साठलेले नत्र-स्फुरद परत पाण्यात सुटते. सांडपाणी येतच राहते. चिखलात टिकून राहिलेले बी पुन्हा रुजते आणि पुढच्या उन्हाळ्यात नदी पुन्हा हिरवी होते. इथे आपण मारतो ते आपल्याच घाणीवर पोसलेल्या झाडाला, आणि घाण तशीच ठेवतो. गांधीजींनी १९२६ मध्ये असाच एक कडू प्रश्न हाताळला होता. अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातली भटकी कुत्री मारवली, गांधीजींनी त्याला दोष दिला नाही, आणि त्यांच्याकडे संतप्त पत्रांचा ढीग आला. त्यांनी लेखमालाच लिहिली. दयेपोटी तुकडा टाकायचा पण कुत्र्याची जबाबदारी घ्यायची नाही, अशा समाजालाच त्यांनी त्या हत्येचा वाटेकरी धरले. त्यांच्या निष्कर्षाशी मतभेद असू शकतो. पण मारणाऱ्या हातापाशी न थांबता मारण्याची वेळ कुणी आणली इथपर्यंत जाण्याची त्यांची रीत मला इथे मोलाची वाटते.

मात्र याच परंपरांचा एक मोठा दोष झाकून चालणार नाही. हिंसेचा हिशेब ठेवता ठेवता आपण तो दुसऱ्याच्या नावावर टाकायलाही शिकलो. जैन गृहस्थासाठी वर्ज्य ठरवलेल्या पंधरा धंद्यांत, म्हणजे कर्मादानांत, जंगलतोड आहे, जमीन फोडणे आहे, रानाला आग लावणे आहे, तळी आटवणे आहे आणि विषाचा व्यापारही आहे. यादी वाचताना आजची बातमी वाचतो आहोत असे वाटावे इतकी ती नेमकी आहे. पण जमीन फोडणे सोडून व्यापारात शिरलेल्या माणसाच्या ताटात धान्य येतच राहिले. जमीन दुसऱ्याने फोडली, एवढेच. हिंदू समाजाने तर मेलेले ढोर ओढणे, कातडे कमावणे, मैला उचलणे यांसाठी माणसेच जन्माने नेमून टाकली आणि स्वतःचे सोवळे राखले. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या अधिवेशनासाठी लिहिलेल्या, पण कधीच न झालेल्या भाषणात दाखवून दिले की जातीने श्रम वाटले नाहीत, श्रमिकांनाच कप्प्यांत कोंडले. अहिंसेचा आणि शुचितेचा हा काळा भाग आहे. पाप आपले, भोग परक्याचा. तणनाशकाकडे मी या बाजूने पाहतो, कारण आज आपल्या गावांत आणि शहरांत ते नेमके याच पद्धतीने वापरले जाते.

पाठीवरचा सोळा लिटरचा पंप पाहा. झाकणाचा वायसर झिजलेला असतो, वाकले की द्रावण पाठीवर ओघळते आणि सदरा भिजतो. नळीच्या सांध्यातून थेंब मनगटावर येतात. माणूस पुढे चालत फवारतो, म्हणजे आपणच उडवलेल्या तुषारांतून आणि ओल्या झालेल्या गवतातून चालतो, बहुधा अनवाणी किंवा चपलेवर. हातमोजे, मुखपट्टी, गमबूट यांची सूचना बाटलीबरोबरच्या घडीपत्रकात बारीक टाइपात छापलेली असते, आणि विदर्भाच्या उकाड्यात ती पाळणे कुणालाही जड जाईल. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. ती औषधे कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत, आणि हा फरक मी मुद्दाम सांगतो. पण पंप तोच होता, पाठ तीच होती, दुकान आणि सल्ला देणारी साखळीही तीच. फवारणीचा निर्णय घेणारा आणि फवारणी अंगावर घेणारा ही दोन वेगळी माणसे असतात तेव्हा काय होते, याची साक्ष यवतमाळने दिली.

विषाच्या बाबतीत विज्ञान काय सांगते तेही प्रामाणिकपणे मांडायला हवे. ग्लायफोसेट १९७४ पासून बाजारात आहे. ते वनस्पतींतल्या शिकिमेट नावाच्या प्रक्रियेतले एक विकर बंद पाडते. ही प्रक्रिया माणसाच्या पेशींत नाही, आणि त्यावरच ते निर्धोक असल्याचा दावा उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये त्याला मानवात बहुधा कर्करोगकारक असलेल्या गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेचा निष्कर्ष उलटा आहे, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याची परवानगी आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. दोन्ही बाजूंना पूर्ण खोटे ठरवता येत नाही, कारण एक संस्था पदार्थात धोका आहे का हे पाहते आणि बाकीच्या यंत्रणा ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या काळजीने वापरल्यास धोका किती हे पाहतात. आपल्यासाठी सगळा पेच त्या काळजीच्या अटीतच आहे. ज्या काळजीच्या गृहीतावर पदार्थ सुरक्षित ठरतो ती काळजी आपल्या बांधावर अस्तित्वातच नाही. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त प्रशिक्षित कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच फवारावे असा आदेश काढला. तो कागदावर किती आणि बांधावर किती, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. आणि ग्लायफोसेट हे त्यातल्या त्यात सौम्य. पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही, युरोपात ते २००७ पासून बंद आहे, आणि आपल्याकडे ते अजून विकले जाते.

यावर सर्वांत जड आक्षेप शेतीतून येतो, आणि तो शहरातल्या पर्यावरणप्रेमींना सहसा ऐकू येत नाही. विष नको म्हणता, मग खुरपणार कोण? खुरपणी, निंदणी, भांगलण हे काम बाईचे मानले गेले आहे. दिवसभर उकिडवे बसून, वाकून, पुरुषापेक्षा कमी मजुरीत. गाजर गवताचे चट्टे तिच्याच हातांवर उठतात. मग विष टाळून आपण भार हलका केला, की पुरुषाच्या पाठीवरून बाईच्या कमरेवर टाकला? या आक्षेपापुढे माझा युक्तिवाद मोडत नाही, उलट अधिक कठोर होतो. हाताने केलेले काम आपोआप पवित्र होत नाही. तिथेही विचारायचे ते हेच की कष्ट कुणाचे, दाम किती, आणि हत्यार कोणते. कोळपे, सायकल कोळपे, आच्छादन, पिकांची फेरपालट यांनी तो भार उतरतो तिथे तो उतरवलाच पाहिजे. दुसरीकडे, कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांच्यासारख्या अनुभवी शेतकऱ्यांनी ‘तण खाई धन’ ही म्हण उलटी फिरवून दाखवली. तण काही काळ वाढू द्यायचे, मग तणनाशकाने जागीच मारून त्याची मुळे मातीत कुजू द्यायची, नांगरट करायची नाही, आणि त्यातून जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढवायचा. नेरळच्या सगुणा भात तंत्रातही नांगरट टाळण्यासाठी तणनाशकाचा आधार घेतला जातो. नांगराने फोडलेल्या मातीतही असंख्य जीव मरतात, हे जमीन फोडण्याचा धंदा वर्ज्य मानणाऱ्या जैन परंपरेला मान्यच आहे. म्हणून शेतकरी स्वतःच्या जमिनीत, स्वतः निर्णय घेऊन, नीट सामग्रीसह मोजकी फवारणी करतो तेव्हा त्याला पापी ठरवण्याचा अधिकार मला नाही. तिथे निदान निर्णय, नफा आणि जोखीम एकाच माणसाकडे राहते.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूचा आहे. परके म्हणून झाड मारायचे हा विचारच घातक नाही का? मिरची, बटाटा, पेरू, पपई, काजू, सीताफळ हे सगळे समुद्रापलीकडून आले आणि मराठी घरात इतके रुजले की त्यांच्याशिवाय स्वयंपाक होणार नाही. आज झाडाला परके म्हणणारा उद्या माणसाला म्हणेल. ही भीती मी हलकी लेखत नाही. पण मिरची लावली तिथेच उगवते. घाणेरी लावली नाही तिथे उगवते आणि गवताला उठू देत नाही. गवत गेले की चितळ-गवा यांचा चारा जातो, मग गुराख्याचा जातो. दोष जन्मस्थानाचा नाही, इथे जे घडते त्याचा आहे, आणि तो ठरवायचा ठिकाण पाहून. त्यामुळेच कच्छच्या बन्नीत वेड्या बाभळीचा निवाडा पुण्यात बसून देता येत नाही. तिने तिथले गवताळ रान गिळले हे खरे, पण तिच्या लाकडाच्या कोळशावर आज अनेक कुटुंबांची चूल पेटते. त्यांना दुसरी वाट न देता बाभूळ उपटणे म्हणजे पुन्हा आपले प्रायश्चित्त त्यांच्या पोटावर टाकणे. काही जण म्हणतील, मग सोडून द्या, निसर्ग आपले पाहील, घाणेरीची फळे बुलबुल खातातच की. बिघाड करून झाल्यावर हात आवरून बसणे ही अहिंसा नव्हे. बुलबुलाला फळ मिळते, आणि तोच तिचे बी नव्या रानात टाकतो.

किड्यांकडून तण खाववणे हा मार्ग मला या सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटतो, कारण तिथेही काम दुसऱ्यावर सोपवलेलेच आहे. भारतात त्याची सुरुवात चुकून झाली. १७९५ मध्ये किरमिजी रंग मिळेल या आशेने आणलेला किडा भलत्याच जातीचा निघाला आणि त्याने फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. गाजर गवतासाठी मेक्सिकोहून आणलेला भुंगा १९८४ मध्ये बंगळूरजवळ सोडला गेला. पुढे तो सूर्यफुलावर दिसला तेव्हा मोठा गहजब झाला, चौकशी झाली. भुंगा आपल्याकडे चांगला टिकला, पावसाळ्यात गवताची चाळण करतो, पण पाऊस ओसरला की मंदावतो. एकदा सोडलेला किडा परत बोलावता येत नाही, म्हणून सोडण्यापूर्वीची वर्षानुवर्षांची तपासणी हीच इथली तपश्चर्या. भुंग्यावर अन्याय होत नाही, तो आपले अन्न खातो. पंप वाहणाऱ्या माणसाबद्दल तसे म्हणता येत नाही.

मग तणनाशकाला जागा कुठे? जंगलात जुन्या घाणेरीचे खोड कापून पुन्हा फुटते, तिथे कापलेल्या बुंध्यावर कुंचल्याने मोजके औषध लावण्याला मी सरसकट नकार देणार नाही, जर लावणारा प्रशिक्षित असेल, त्याची आरोग्य तपासणी होत असेल आणि दुसरा उपाय करून पाहिला असेल. दुसरा उपाय आहे. जमिनीखाली तीन-चार बोटे, जिथे खोड मुळाला मिळते, तिथे कुदळीचा घाव घालायचा, झुडूप उपटून उलटे टेकवायचे म्हणजे मुळे वाळतात, आणि मोकळ्या जागेत गवताचे बी टाकून पुढची दोन-तीन वर्षे नवी रोपे काढत राहायचे. कॉर्बेटच्या जंगलात ही पद्धत वापरून झाली आहे. तिला लागतात माणसे आणि सातत्य, आणि अंदाजपत्रकात नेमक्या याच दोन गोष्टींना कात्री लागते. रस्त्याच्या कडा, शाळांची मैदाने, वसाहतींचे मोकळे भूखंड इथे सरसकट फवारणीला मात्र कोणतेही समर्थन नाही. तिथे गाजर गवत फुलायच्या आत, जमीन ओली असताना, मुळासकट हातमोजे घालून उपटता येते आणि त्या जागी तरोटा पेरला तर तो ते पुन्हा उठू देत नाही. नद्यांवर तर सांडपाणी थांबेपर्यंत तणनाशकाचा विचारही करू नये. यंत्राने जलपर्णी काढावी, तिचे खत करावे, आणि त्याचा खर्च सांडपाणी सोडणाऱ्याकडून वसूल करावा.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह देशभर पाळला जातो. त्या आठवड्यात पाऊस असतो, माती मऊ असते, आणि पुष्कळ झाडे अजून बियांवर यायची असतात. आपल्या सोसायटीच्या, देवळाच्या, शाळेच्या आवारातले गवत त्या दिवसांत फवारणीचे कंत्राट न देता स्वतः उपटावे, आणि हे काम जिथे मजुराकडून करून घ्यावे लागेल तिथे त्याला हातमोजे आणि पूर्ण दाम द्यावा, एवढी वाचकांना विनंती.